टेक्निक्सच्या टोनआर्मवर डेनॉन डीएल-१०३ : जोडी जमते, पण घुमणे थांबते का?

टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर डेनॉनचे डीएल-१०३ हे कार्ट्रिज (सुई आणि तिची कंपने विजेत बदलणारा भाग) बसवून मी गेले काही महिने ख्यालगायन आणि नाट्यपदांच्या तबकड्या ऐकतो आहे. या जोडीविषयी विचारणाऱ्यांना आवाजाबद्दल फारसे काही जाणून घ्यायचे नसते. व्हॉल्यूम वाढवला की स्पीकरमधून खर्जातला घुमारा सुरू होतो, तो कार्ट्रिज बदलल्याने जाईल का, एवढेच त्यांना हवे असते. बहुतेक घरांत तो जाणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कार्ट्रिजच्या निवडीने सुटतो तो प्रश्न वेगळा आहे. सुईचा लवचीक दांडा आणि टोनआर्मचे (कार्ट्रिज धरून ठेवणाऱ्या दांडीचे) वजन मिळून एक स्वाभाविक कंपनसंख्या ठरते व ती ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान असावी असा संकेत आहे; त्याखाली वाकलेल्या तबकडीची हालचाल येते आणि २० हर्ट्‌झच्या वर संगीत सुरू होते. टोनआर्मचे प्रभावी वस्तुमान (सुईपाशी जाणवणारे वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांच्या ग्रॅममधील बेरजेला कॉम्प्लायन्सच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या लवचीकपणाच्या, आकड्याने गुणावे आणि त्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागावे, म्हणजे ही संख्या मिळते. टेक्निक्सच्या टोनआर्मचे १२ ग्रॅम, डीएल-१०३ चे साडेआठ आणि स्क्रूंचा एक ग्रॅम धरला, तर बेरीज साडेएकवीस होते. या कार्ट्रिजचा कॉम्प्लायन्स ५ असा छापलेला असला, तरी तो जपानी पद्धतीप्रमाणे १०० हर्ट्‌झला मोजलेला आहे. १० हर्ट्‌झला तो अंदाजे दुप्पट धरावा लागतो. तसा धरला की उत्तर साधारण ११ हर्ट्‌झ येते. याच टोनआर्मवर सहा ग्रॅमचे आणि ३० कॉम्प्लायन्सचे मऊ कार्ट्रिज लावले, तर तेच उत्तर पावणेसातच्या आसपास घसरते. मग उन्हाने किंचित वाकलेली तबकडी लावताच वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा, काहीही ऐकू येत नसताना, डोळ्यांना दिसेल इतका आत-बाहेर होऊ लागतो. डीएल-१०३ लावल्यावर अशाच एका तबकडीवर ही हालचाल पुष्कळच मंदावली.

खरा घुमारा मात्र निराळा, आणि त्याची परीक्षा सोपी आहे. प्लॅटर (तबकडी फिरवणारी थाळी) थांबलेला ठेवून सुई तबकडीवर टेकवावी आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवावा. एक हात बटणावरच राहू द्यावा. स्थिर तबकडीवरही घूं उठून वाढत गेली, तर स्पीकरची कंपने फळीतून, जमिनीतून किंवा हवेतून सुईपर्यंत पोहोचून पुन्हा स्पीकरकडे जात आहेत असे समजावे. फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) १ किलोहर्ट्‌झच्या तुलनेत २० हर्ट्‌झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने उचलते, त्यामुळे हे चक्र खर्जातच आधी सुरू होते. माझ्याकडे ते शोकेसच्या पोकळ प्लायवुडच्या फळीपाशी सुरू होत होते: फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली की स्पीकरमधून ढोलासारखा आवाज येई. टर्नटेबल विटांच्या भिंतीत ठोकलेल्या वेगळ्या कंसांवर ठेवताच तो गेला. ज्या मेजावर स्पीकर, त्याच मेजावर टर्नटेबल ठेवू नये. खोलीच्या कोपऱ्यात खर्ज साचतो, म्हणून तिथेही नको. आणि वाजवताना धुळीचे झाकण काढून ठेवावे, कारण ते हवेतली कंपने झेलते. स्पंजच्या महागड्या पायांवर खर्च करण्याआधी एवढे करून पाहावे.

सुई उचलल्यावरही एकसुरी हम राहिली, तर ती ५० हर्ट्‌झची विजेची कटकट असते. टर्नटेबलची अर्थिंगची वेगळी तार फोनो स्टेजच्या स्क्रूला नीट आवळली आहे का ते पाहावे. डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेचे वेटोळे हलणाऱ्या) जातीचे असून त्याचे आउटपुट अवघे ०.३ मिलिव्होल्ट आहे, म्हणून ही हम इथे लवकर उघडी पडते. घुमाऱ्याचे मात्र तसे नाही. श्रोत्यापर्यंत आवाज तेवढाच पोहोचत असेल, तर कार्ट्रिजचे आउटपुट कमी-जास्त असल्याने त्यात फरक पडत नाही. दुकानदार याच्या उलट कितीही छातीठोकपणे सांगोत.

आवाजाबद्दल थोडक्यात. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके प्रसारणसंस्थेसाठी घडवलेल्या या कार्ट्रिजला गायकाचा गळा आणि तबल्याचा डग्गा भरीव उमटवता येतो. अडीच ग्रॅम भाराखाली ते स्थिर चालते. सुई शंक्वाकृती असल्याने तबकडीच्या आतल्या बाजूला, द्रुत लयीतल्या तानांवर, आवाज थोडा खरखरीत होतो आणि झांजेची झळाळी कमी पडते. ती हवी असणाऱ्यांनी लंबगोल सुईचे कार्ट्रिज पाहावे. सहा ग्रॅमच्या हलक्या टोनआर्मवर मात्र डीएल-१०३ लावू नये. तिथे तीच कंपनसंख्या १३ हर्ट्‌झवर जाते, आणि जड हेडशेल (कार्ट्रिज बसवायचा टोनआर्मचा पुढचा भाग) किंवा वरून चिकटवलेले वजन यांशिवाय ती खाली आणता येत नाही.