एका बर्नरची एलपीजी भट्टी आणि लोखंडी डाळिंब

ऑनलाइन मिळणाऱ्या एका बर्नरच्या गोल भट्ट्या सुऱ्या घडवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून विकल्या जातात. खरं तर सुरीला ही भट्टी अपुरीच. पातं लांब असतं आणि हिची खरी धग बर्नरच्या खाली जेमतेम सहा-सात सेंटिमीटरच्या पट्ट्यात असते. पाइपमधून लोखंडी फळं घडवणाऱ्यांच्या मात्र हाच दोष पथ्यावर पडतो, कारण फळाचं एका वेळी एकच टोक तापवायचं असतं आणि बाकीचा पाइप जितका थंड राहील तितकं बरं.

तपासलेली भट्टी याच साच्यातली आहे. 3 मिमी पत्र्याचं नळकांडं, आत 25 मिमी जाडीचं सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी तंतूंची गादी), वरून तिरका बसवलेला एक बर्नर आणि समोर 90 मिमीचं गोल तोंड. हाच माल वेगवेगळ्या नावांखाली येतो, म्हणून नावापेक्षा मापं बघा. नळकांडं आणि बर्नर चांगले आहेत. ज्योत स्थिर राहते, हवेची झडप हाताने नीट फिरते. तक्रार आहे ती सोबत येणाऱ्या बाकीच्या सामानाबद्दल.

ब्लँकेट उघडंच येतं. तसंच पेटवलं तर तंतू हवेत उडतात आणि ते फुप्फुसाला घातक असतात. आधी कोलॉइडल सिलिका (तंतू घट्ट धरणारं द्रावण) शिंपडून वाळवायचं, मग त्यावर रिफ्रॅक्टरी म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सिमेंटचा पाच-सहा मिमीचा थर द्यायचा. थर दोन दिवस सावलीत वाळवून मग मंद आचेवर हळूहळू तापवायचा. पहिल्याच दिवशी पूर्ण ज्योत सोडली की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन थर पोपड्यांसारखा सुटतो. हे सगळं विक्रेत्याने करून द्यायला हवं होतं. किमान तसं पत्रकात तरी लिहायला हवं होतं.

रेग्युलेटर घरगुती शेगडीचा दिला आहे, तो सरळ बाजूला ठेवा. त्यातून साधारण 30 मिलिबार दाब मिळतो. या बर्नरला 0.3 ते 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे कमीत कमी दहापट दाब लागतो. काटा असलेला हाय-प्रेशर रेग्युलेटर आणि त्याला साजेशी होज वेगळी घ्यावी लागते. सिलिंडर 19 किलोचा व्यावसायिकच हवा, घरचा 14.2 किलोचा या कामाला लावणं नियमात बसत नाही. गॅस तासाला अर्धा ते एक किलो जातो. सिलिंडर तळाकडे रिकामा होत आला की बाहेरून गार पडून घाम धरतो आणि दाब उतरतो. अशा वेळी त्याला ऊन-पाणी दाखवायच्या फंदात न पडता काम थांबवायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर गॅस जमिनीलगत साचतो. शिवाय चालत्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणून भट्टी बंद खोलीत नको, पडवीत किंवा अंगणात ठेवा.

आता फळाकडे. या भट्टीची सगळी परीक्षा डाळिंबात होते, कारण त्यात मुकुट आहे, त्यामागचा आवळलेला गळा आहे आणि बंद टोकही आहे.

पाइप काळा एमएसचा (साध्या पोलादाचा), 40 एनबी (पाइपचं ठरावीक नाममात्र माप), बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा घ्यायचा. बाहेरचा व्यास 48.3 मिमी, जाडी 3.2 मिमी, अंगावर निळा पट्टा. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास पातळ असतो आणि गळा काढताना घडी पडते. लाल पट्ट्याचा सी क्लास चालतो, पण प्रत्येक गळ्याला एक-दोन ताव (तापवण्याच्या फेऱ्या) जास्त लागतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कितीही स्वस्त मिळाला तरी भट्टीत घालायचा नाही. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, आपण काम करतो ते 1000 ते 1100 अंशांवर. तो पांढरा धूर अंगात गेला की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.

पाइपचा 60 ते 70 सेंटिमीटरचा तुकडा ठेवला तर सांडशी लागतच नाही, पाइपच मूठ होते. मुकुटाचं टोक थंड असतानाच कापून घ्यायचं. 48.3 मिमी व्यासाचा परीघ साधारण 152 मिमी भरतो, म्हणजे सहा पाकळ्यांना प्रत्येकी 25 मिमी. कागदाची पट्टी गुंडाळून खुणा करा आणि ग्राइंडरने 20 मिमी खोल त्रिकोणी खाचा काढा. नुसत्या सरळ चिरा देऊन भागत नाही. गळा आवळला की पाकळ्या आत ओढल्या जातात. मध्ये त्रिकोणी जागा नसेल तर त्या एकमेकींवर चढतात आणि मुकुटाचा कोबी होतो.

मग टोक भट्टीत. पिवळसर नारिंगी रंग आला की बाहेर काढून मुकुटाच्या मागे, टोकापासून 25 मिमीवर, यू आकाराच्या स्प्रिंग फुलरमध्ये (दोन गोल दांड्यांमध्ये पाइप आवळणाऱ्या साधनात) धरायचं. 800 ग्रॅमचा हातोडा, हलके ठोके, प्रत्येक ठोक्यामागे पाइप थोडा फिरवायचा. जोरात एकच ठोका दिला की नळी चपटी होते आणि ती पुन्हा गोल करण्यात दोन ताव वाया जातात. रंग लाल-काळपट झाला की थांबायचं. थंड पाइपवर हातोडा चालवला तर शिवण उकलते. ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून विजेने जोडलेल्या) पाइपची शिवण आतून हाताला लागते. ती कोणत्या पाकळीखाली येते हे आधीच खडूने लिहून ठेवा आणि फुलरमध्ये नेमकी तिच्यावर ठोके घालू नका.

गळ्याचा बाहेरचा व्यास 25 मिमीवर आला की पुरे. परीघ कमी होतो तशी भिंत जाड होत जाते, त्यामुळे आणखी आवळलं तर आतलं भोक बुजतं. 5 मिमीची सळई आरपार जाते का हे प्रत्येक तावानंतर बघायचं. ही हौस नाही, सुरक्षिततेची बाब आहे. दोन्ही बाजूंनी बंद झालेली पोकळ वस्तू भट्टीत गेली की आतली हवा फुगून ती फुटू शकते. डाळिंबाचं बरं आहे, मुकुटातूनच श्वास राहतो. पेरू किंवा सफरचंद करताना बुडाला 3-4 मिमीचं भोक मुद्दाम ठेवावं लागतं.

इथेच भट्टीचा एक त्रास जाणवतो. मागचं झाकण नसल्याने लांब पाइप चिमणीसारखा ओढ घेतो आणि तापलेली हवा पाइपमधून थेट धरणाऱ्या हातावर येते. हातातल्या टोकात ब्लँकेटचा सैल बोळा घालायचा, घट्ट नाही. आणि विझवताना पाइप उभा पाण्यात बुडवायचा नाही. वाफ नळीतून वर उसळून हात भाजते. आडवा धरून बाहेरून पाणी ओतायचं.

मुकुटाच्या टोकापासून 100 मिमीवर खूण करून दुसरी बाजू ऐरणीच्या कडेवर, पाइप थोडा खाली झुकवून, फिरवत-फिरवत मिटवायची. एका डाळिंबाला सुमारे 350 ग्रॅम पाइप लागतो. देठाला 6 मिमीची सळई घ्या. तापलेल्या तोंडात थंड देठ घालून बाहेरून तोंड आवळलं की निवताना ते आकसून देठ धरून ठेवतं, वेल्डिंगची गरज पडत नाही. पाकळ्या शेवटी उलगडायच्या, ऐरणीच्या शिंगाच्या टोकावर. पातळ पाकळ्या बर्नरच्या थेट खाली गेल्या तर फुलबाजीसारख्या ठिणग्या उडून टोकं जळतात, म्हणून मुकुट धगीच्या पलीकडे आणि गळा धगीत, असा पाइप सरकवून ठेवायचा. मागून आरपार तोंड असल्याने हे जमतं. फक्त पुढूनच तोंड असलेली भट्टी घेतली असेल तर विसरा.

मर्यादा तोंडाचीच आहे. खरोखरच्या आकाराचं डाळिंब करायचं तर 80 एनबी पाइप हवा. त्याचा व्यास 88.9 मिमी, म्हणजे 90 मिमीच्या तोंडात तो अडकतो आणि ज्योतीला फिरायला जागाच उरत नाही. 50 एनबी, म्हणजे 60.3 मिमीपर्यंत काम आरामात होतं. तेव्हा ही भट्टी पेपरवेटच्या मापाच्या फळांसाठी. सोलापूर-सांगोल्याच्या बागेतलं फळ डोळ्यांसमोर असणाऱ्याला ते लहानच वाटेल. सीताफळही होतं, पण त्याचे डोळे दोन्ही टोकं मिटवण्याआधी, पाइपच्या आत सळई धरून उठवावे लागतात. नंतर ठोकलं तर पोकळ पाइप आत बसतो. नवख्याने सुरुवात मिरचीने करावी. 12 मिमी सळईची मिरची भरीव असते, फुटायची भीती नाही आणि निमुळतं करायचा हात बसतो.

मागवण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: अस्तर दिल्यानंतर तोंडाचा आतला व्यास किती राहतो, भट्टी मागून उघडी आहे का, आणि बर्नरचा जेट (गॅस सोडणारं बारीक भोक असलेला भाग) किती मिमीचा असून सुटा मिळतो का. जेट बुजतो, तो बदलावा लागतोच. पहिल्या दोन प्रश्नांना मोघम उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा.