चेंबर की फर्म : विधी शाखेच्या विद्यार्थ्याने चार आठवडे कोठे द्यावेत?

दरवर्षी परीक्षांचे वेळापत्रक लागले की माझ्या जुन्या महाविद्यालयातील एखादा तरी विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतो. पुण्यातच शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात एखाद्या वकिलांच्या हाताखाली, म्हणजे त्यांच्या चेंबरमध्ये, इंटर्नशिप करावी, की मुंबईच्या लॉ फर्मकडे अर्ज करावा? मी या दोन्ही ठिकाणी काम केले आहे. माझा कल कोणीकडे आहे हे फार काळ लपून राहणार नाही, तरी दुसऱ्या बाजूवर अन्याय होऊ नये अशा बेताने लिहितो.

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवड्यांची इंटर्नशिप लागते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच नियमातील दोन अटी मात्र पुष्कळांच्या ध्यानात शेवटच्या वर्षी येतात. एक म्हणजे कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ इंटर्नशिप करता येत नाही. दुसरी म्हणजे खटले चालवणाऱ्या आणि अपिले चालवणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या वकिलांकडे एकदा तरी काम केलेले असावे लागते. वर्षाकाठी चार आठवड्यांची एक खेप धरली तर तीन वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती तीनच खेपा राहतात, त्यांपैकी दोन या अटीतच जातात, आणि ‘चेंबर की फर्म’ हा प्रश्न त्याच्यापुरता उरलेल्या एका खेपेचा असतो. पाच वर्षांच्या विद्यार्थ्याकडे तीन खेपा मोकळ्या असतात, त्यामुळे त्याने एक फर्मला देऊन पाहण्यात मोठी जोखीम नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या भागांतील मुलांना अपिलांच्या अटीसाठी मुंबईत खोली शोधण्याची गरज उरलेली नाही, हा अलीकडचा मोठाच दिलासा आहे.

प्रवेशाचे म्हणाल तर फर्मची वाट लांब असली तरी सरळ आहे. कित्येक महिने आधी ईमेलने परिचयपत्र पाठवावे, उत्तराची वाट पाहावी आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर बहुधा उत्तर येणार नाही असे गृहीत धरावे. चेंबरचे दार पहिल्या वर्षापासून उघडे असते, पण ते कोणाच्या तरी ओळखीनेच ढकलावे लागते. किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या आणि विद्यार्थी घेण्यास तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी राज्य बार काउन्सिलने करावी, असे नियमात लिहिलेले आहे. मला मात्र माझे सीनियर मिळाले ते मामांच्या ओळखीने. ज्याच्या घरात किंवा गावात वकील नाही त्याला ही गोष्ट जाचक वाटली तर ते मान्य करायला हवे.

पैशांवर फार वेळ घालवत नाही. फर्मने मला चार आठवड्यांचे आठ हजार रुपये दिले आणि अंधेरीतील कॉटबेसिसच्या खोलीने व लोकलच्या पासाने त्याहून अधिक घेतले. चेंबरमध्ये चहा आणि दुपारची मिसळ मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार काउन्सिलने शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतनाची जी शिफारस केली, ती वकिलीची सनद घेतलेल्या कनिष्ठ वकिलांसाठी आहे. ते परिपत्रक दाखवून इंटर्नने सीनियरांकडे पैसे मागू नयेत, एवढेच सांगतो, कारण एकाने तसे केलेले मी पाहिले आहे.

फर्ममध्ये मी जे शिकलो ते चेंबरमध्ये शिकलो नसतो. शंभर-सव्वाशे पानांचा करार हाती आला की पहिल्या पानापासून वाचत न बसता आधी व्याख्यांचे कलम वाचावे, मग पैसे कोणी आणि केव्हा द्यायचे ते पाहावे आणि त्यानंतर करार मोडल्यास काय होईल ते शोधावे, हा क्रम तेथील एका असोसिएट मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवला. मसुद्यातील एका कलमाचा क्रमांक बदलला की त्याचा उल्लेख जेथे जेथे आला असेल तेथे तेथे तो बदलावा लागतो, आणि एक जरी जागा राहून गेली तरी वाचणाऱ्याचा सगळ्या मसुद्यावरचा विश्वास उडतो, ही शिस्तही तेथलीच. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याचे इंग्रजी लेखन त्या चार आठवड्यांत जेवढे सुधारले तेवढे आधीच्या दोन वर्षांत सुधारले नव्हते. शिवाय ज्याला पुढे फर्ममध्येच नोकरी करायची आहे त्याने शेवटच्या दोन वर्षांत तेथे तोंडओळख करून ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण ओळखीच्या इंटर्नला बोलावणे त्यांनाही सोपे जाते.

तरीही माझे मन फर्मवरून उडाले ते डायरीमुळे. ही तक्रार ऐकायला किरकोळ वाटेल. पहिल्याच दिवशी माझ्याकडून गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेण्यात आली, आणि ते योग्यच होते. दुसऱ्याच्या व्यवहाराची कागदपत्रे हाताळणाऱ्याने तोंड बंद ठेवलेच पाहिजे. पण संध्याकाळी महाविद्यालयाची इंटर्नशिप डायरी उघडली की काय लिहावे हेच कळेना. पक्षकाराचे नाव लिहायचे नाही, व्यवहार कशाचा ते लिहायचे नाही, मालमत्ता कोठली तेही लिहायचे नाही. ‘आज कागदपत्रांची छाननी केली’ हे एकच वाक्य मी एकोणीस दिवस लिहिले. मध्ये कंटाळून दोनदा ‘छाननी पुढे चालू’ असे लिहिले. शेवटच्या दिवशी सगळ्या पानांवर एका बैठकीत सह्या झाल्या. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी डायरी चाळून शांतपणे विचारले, “छाननीत काय आढळले?” मी म्हणालो, “सांगता येणार नाही, सर.” ते हसले, मीही हसलो, आणि गुण जे पडायचे ते पडले.

हा प्रसंग विसरून जाता आला असता, पण नंतर मी ही डायरी ज्यात मोडते त्या प्रात्यक्षिक पेपरची गुणविभागणी नीट पाहिली. मूट कोर्टला, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यातील युक्तिवादाला, ३० गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून टिपण करण्यास ३० गुण, पक्षकाराशी वकील कसे बोलतात व दावा दाखल करण्याची तयारी कशी होते याची नोंद ठेवणाऱ्या डायरीला ३० गुण, आणि तोंडी परीक्षेला १०. म्हणजे मूट आणि तोंडी परीक्षा बाजूला ठेवली तर उरलेले ६० गुण चेंबरमध्ये रोज घडणाऱ्या गोष्टींचे आहेत. फर्ममध्ये चार आठवड्यांत मला एकही पक्षकार दिसला नाही. दिसला असता तरी त्याच्याविषयी लिहिता आले नसते. सर्वच फर्म अशा असतील असे मी म्हणत नाही. न्यायालयीन कामाचा विभाग मिळालेल्या माझ्या मैत्रिणीचा अनुभव बराच निराळा होता. मात्र कोणता विभाग मिळेल हे आपल्या हातात नसते.

चेंबरच्या चार आठवड्यांतही चार दिवस निव्वळ वाया गेले. काळा कोट आणि टाय घालून सकाळी साडेदहापासून उभे राहावे, बोर्डावरचा, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीतला, आपला क्रमांक जवळ यावा, पुकारा व्हावा आणि समोरच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज द्यावा, की त्या दिवसाचे काम संपले. सीनियर समोर बसवून काही शिकवत नाहीत. त्यांच्या मागे फिरताना जे कानावर पडेल तेच शिक्षण. नकलांसाठी अर्ज देणे, शिरस्तेदारांच्या टेबलापाशी ताटकळणे, झेरॉक्सच्या दुकानातून निशाण्यांचे, म्हणजे पुराव्यातल्या कागदांचे, गठ्ठे आणणे, यांत कायदा किती आणि हमाली किती असा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात रोज पडत असे.

तिसऱ्या आठवड्यात एका वाटपाच्या दाव्यात तलाठ्याचा उलटतपास होता. आदल्या संध्याकाळी सीनियरांनी मला सगळे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, क्रमाने लावायला सांगितले. त्यांत एका फेरफाराचा क्रमांक आधीचा आणि तारीख मात्र नंतरची होती. आपलीच काही चूक होते आहे असे समजून मी तो क्रम दोनदा मोडून पुन्हा लावला आणि अखेर भीत भीत तसाच पुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी उलटतपासातला पहिला प्रश्न नेमका त्या तारखेवर आला. तलाठी बराच वेळ रजिस्टरची पाने उलटत राहिले. त्या संध्याकाळी माझ्या डायरीची तीन पाने भरली, दावा क्रमांकासह, कारण जे खुल्या न्यायालयात घडले ते लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या क्रमांकावरून मी अजूनही अधूनमधून ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो दावा शोधतो. पुढची तारीख पडलेली असते.

तेव्हा ज्याला कंपन्यांच्या व्यवहारांतच काम करायचे आहे, ज्याचे इंग्रजी कच्चे आहे आणि ज्याच्या हाती तीन खेपा मोकळ्या आहेत, त्याने एक खेप फर्मला जरूर द्यावी. मात्र डायरीत कोणत्या शब्दांत काय लिहिलेले चालेल हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. बाकीच्यांना, विशेषतः तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांना, माझे सांगणे चेंबरकडेच झुकते. फक्त त्यासाठी मे महिना धरू नये. आपल्याला सुटी लागते त्याच सुमारास न्यायालयांनाही उन्हाळ्याची सुटी लागते आणि मग रिमांड व जामीन सोडल्यास पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. दिवाळीची सुटी संपल्यापासून नाताळची सुटी लागेपर्यंतचे आठवडे परीक्षेतून मोकळे मिळत असतील तर ते सर्वांत चांगले, कारण त्या दिवसांत बोर्ड भरलेले असते. काही केल्या मे महिन्याशिवाय वेळच निघत नसेल, तर मात्र फर्म बरी. तिला उन्हाळ्याची सुटी नसते.