गळका फिल्टर: प्रेशरचाच दुरुस्त करावा, की उघडी पेटी लावावी?

बागेतल्या तळ्याचा प्रेशर फिल्टर, म्हणजे पंपाच्या दाबाने पाणी स्पंजातून ढकलणारा बंद डबा, गळायला लागला की दोन वाटा दिसतात. त्याचीच डागडुजी करत राहायची, नाहीतर तो काढून उघडी पेटी लावायची, जिच्यातून पाणी आपल्या वजनानेच तळ्यात परत उतरतं. मी चार वर्षं प्रेशरचा वापरला, आता तिसरं वर्ष पेटी वापरतोय. पाणी स्वच्छ ठेवण्यात दोघांमध्ये मला तरी डावं-उजवं करता आलं नाही. गळतीच्या बाबतीत मात्र दोघांचे स्वभाव फार वेगळे आहेत.

आधी गळतोय तो फिल्टरच ना, हे पाहा. पंप काही तास बंद ठेवा आणि काठाच्या दगडावर पातळीची खूण करा. मासे जास्त असतील तर तेवढा वेळ हवेचा पंप चालू राहू द्या. पंप बंद असताना पाणी खुणेवर राहिलं आणि चालू केल्यावर उतरायला लागलं, तर दोष फिल्टर, पाइप किंवा धबधब्याच्या वाटेवर आहे. बंद असतानाही उतरलं तर तळ्याचं अस्तर तपासा. उन्हाने किती पाणी उडतं याचा अंदाज हवा असेल तर काठाशी एक भरलेली बादली ठेवायची आणि दिवसभरात दोन्हीकडची घट ताडून पाहायची.

आता प्रेशरचा फिल्टर. बाहेरून कोरडा पुसा, सांध्यांभोवती जुना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा आणि पंप चालू करा. कागद जिथे पहिल्यांदा काळपट होतो ती जागा. माझ्याकडे दर वेळी झाकणच निघालं. गळती कधी सुरू झाली हेही बरंच सांगून जातं. साफसफाई होऊन बरेच दिवस झाल्यावर गळायला लागला तर स्पंज तुंबलेला असतो: पंप पाणी ढकलतच राहतो, आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत सांधा हार मानतो. अशा वेळी झाकणाखालची रबरी रिंग (ओ-रिंग) बदलण्याआधी स्पंज धुऊन पाहा, तोही तळ्याच्याच पाण्यात, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यातले उपयोगी जिवाणू मारतं. साफसफाईनंतर लगेच गळला, तर रिंग नीट बसलेली नाही.

ह्या शेवटच्या प्रकाराने मला थकवलं. स्पंज धुवायचा, झाकण लावायचं, क्लँप आवळायचा, पंप चालू करायचा. पाच मिनिटं सगळं कोरडं. मग झाकणाच्या कडेला एक थेंब फुगतो, थांबतो, ओघळतो. पुन्हा पंप बंद, पुन्हा झाकण बाहेर. रिंगवर बोट फिरवलं की कधी वाळूचा एक कण लागायचा, कधी शेवाळाचा केसासारखा धागा. एकदा संध्याकाळी असंच लावलं, थेंब दिसला नाही म्हणून निर्धास्त झोपलो. सकाळी तळं वीतभर खाली गेलं होतं, फिल्टरभोवतीची माती चिखल झाली होती आणि मासे कोपऱ्यात गोळा झाले होते. मासे वाचले. पण त्यानंतर साफसफाई केली की त्या रात्री मला दोनदा उठून बघून आल्याशिवाय चैन पडेना.

ज्यांना प्रेशरचाच ठेवायचा आहे त्यांच्यासाठी, मला जे लागू पडलं ते सांगतो. ओ-रिंग गोल न राहता एका बाजूने चपटी झाली असेल तर ती उलटून लावून काम भागत नाही, नवीच आणा. मापासाठी जुनी ताणू नका. रिंगची जाडी आणि खाचेचा व्यास मोजा. खाच जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. वर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, रिंग ईपीडीएम जातीच्या रबराची असेल तर ती त्याने फुगते. फिल्टरमध्ये शेवाळ रोखणारा यूव्ही (अतिनील) दिवा असेल तर त्याच्या काचनळीलाही तिची स्वतःची रिंग असते. तिथे पाणी दिसलं तर प्लग काढल्याशिवाय हात लावू नका, आणि उघडा पेटलेला दिवा डोळ्यांनी पाहू नका.

डब्यालाच तडा गेला असेल तर मी दुरुस्तीच्या नादी लागणार नाही. बरेच डबे पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्याला सिलिकॉन सीलंट धड चिकटत नाही. वरून पट्टा दिसतो, आत दाब आला की सोलून निघतो. शिवाय बाथरूमच्या सीलंटमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना घातक.

पेटीही गळते, हे कबूल करायला हवं. पेटीच्या भिंतीतून पाइप जोडणाऱ्या टँक निपलचा सांधा सैल होतो. वॉशर पेटीच्या आतल्या बाजूला, नट बाहेर, आणि हाताने आवळून वर थोडासाच पाना, नाहीतर प्लॅस्टिकचे आटेच जातात. परतीचा पाइप शेवाळाने चोंदला तर पाणी कडेवरून वाहतं. म्हणून येणारा पाइप 25 मिलिमीटरचा असेल तर जाणारा 50चा ठेवा. पेटी तळ्याच्या पातळीपेक्षा वर लागते, प्रेशरच्या डब्यासारखी अर्धी जमिनीत पुरून लपवता येत नाही. धबधबा उंच असेल तर पेटी त्याच्याही माथ्यावर न्यावी लागते, कारण तिच्यातून निघालेलं पाणी पुन्हा चढत नाही. तुमच्या बागेत तशी जागा नसेल तर प्रेशरचाच बरा, वर्षातून एकदा रिंग बदला आणि साफसफाई सकाळी करा, म्हणजे दिवसभर नजर राहते.

जागा असेल तर मात्र माझं मन पेटीकडे झुकतं. तिच्यात दाब साठतच नाही, झाकण नुसतं ठेवलेलं असतं, त्यामुळे त्या एका रिंगवर सगळं तळं टांगलेलं नसतं. स्पंज तुंबला की पाणी वर येताना दिसतं. माझी पेटी धबधब्याच्या दगडावर आहे, तळ्याकडे बोटभर उतार देऊन आणि पुढची कड अस्तराच्या आत येईल अशी. गेल्या पावसाळ्यात परतीच्या पाइपात पानं अडकली आणि पेटी रात्रभर ओसंडत होती. सकाळी पाणी खुणेवर होतं, कारण ओसंडलेलं सगळं तळ्यातच पडत होतं.

दोन्हींपैकी काहीही निवडलंत तरी एक काम आजच करा. पंप तळाशी असेल तर तो विटेवर किंवा दगडावर चढवा, वीतभर तरी. फिल्टर कितीही गळला तरी पंपाच्या तोंडापर्यंतच पाणी उपसलं जाईल, खालचं माशांसाठी राहील. पंप कोरडा पडून जळू नये म्हणून पाणी कमी झाल्यावर आपोआप बंद होणारा घेतलात तर आणखी चांगलं.