‘काका, तुम्ही फक्त हो म्हणा’

आईवडील गावी एकटे राहत असतील आणि त्यांच्या एखाद्या एफडीची मुदत संपत आली असेल, तर आज रात्री त्यांना फोन करा. बँकेतून कोण घरी येऊन गेलं, एवढंच विचारा.

आमच्या आप्पांचे 6,27,000 रुपये गेले. सायबर चोरांनी नाही नेले. खोटा सीबीआयवाला नाही, व्हिडिओ कॉलवरची धमकी नाही. बँकेच्या ओळखीच्या माणसाने, आमच्याच घरात, आमचाच चहा पिऊन नेले. बँक अजून म्हणते, ‘गेले नाहीत मॅडम, गुंतवलेत.’

आप्पा कराडजवळच्या साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. पीएफवाल्यांना मिळते ती ईपीएस-95ची पेन्शन महिना 2,180 रुपये. घर चालतं ते एफडीच्या व्याजावर. सप्टेंबर 2023 मध्ये एफडी संपली आणि खात्यात 8,41,000 जमा झाले. ही बातमी आमच्याआधी शाखेतल्या रिलेशनशिप मॅनेजरला. पोरगाच तो, ‘काका, काका’ करत दुसऱ्या दिवशी दारात, आईच्या पायाही पडला. म्हणाला, एफडीच आहे, फक्त व्याज जास्त, जुन्या ग्राहकांसाठीच आहे, 30 तारखेला बंद होणार. 30 सप्टेंबरला तिमाही संपते आणि त्यांचं टार्गेटही. त्याने सांगितलेल्यातली तेवढी तारीखच खरी होती.

दिल्या काय, तर तीन विमा पॉलिसी. प्रत्येकीचा वर्षाचा हप्ता 2,00,000, वर तेव्हाचा साडेचार टक्के जीएसटी, म्हणजे 2,09,000 गुणिले तीन. आणि हप्ते दहा वर्षं! आप्पा तेव्हा चौसष्ट वर्षांचे. 2,180 रुपये पेन्शनवाल्या माणसाने सत्तरी ओलांडल्यावरही वर्षाला सहा लाख भरायचे. हे कुणी मंजूर केलं असं विचाराल, तर अर्ज बघा. टॅबवर भरलेला. व्यवसाय: व्यापार. वार्षिक उत्पन्न: 18 लाख. ईमेल आयडी असा की ज्याचा आप्पांशी काही संबंध नाही. त्यांना ईमेलच नाही! पॉलिसीचे कागद त्या ईमेलवर गेले, घरी एक चिठोरंही आलं नाही. मग फ्री लुकच्या, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायच्या मुदतीत परत करणार तरी काय? (आता ती मुदत 30 दिवसांची आहे, आणि कागद हातात पडल्यापासून मोजतात. हे लक्षात ठेवा, आमचं भांडण याच मुद्द्यावर उभं आहे.)

आता तो दिवस. गौरी जेवणाचा. मी डोंबिवलीहून आले होते. स्वयंपाकघरात पुरण वाटत होते, बाहेर पाहुण्यांची वर्दळ. आप्पा दिवाणावर फोन कानाला लावून ‘हां जी, हां जी’ करत होते आणि तो शेजारी बसून मान डोलवत होता. आप्पांचं हिंदी म्हणजे एसटी स्टँडवर रस्ता सांगण्यापुरतं. मी विचारलं, कुणाचा फोन? तोच म्हणाला, ‘काही नाही ताई, केवायसीचा कॉल आहे.’ मी परत आत गेले.

विमा कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल होता तो. पॉलिसी देण्याआधी करतात, ग्राहकाला विमा घेतोय हे कळलंय ना, याची खात्री करायला. पुढे कंपनीशी मेलवर भांडून मी ते रेकॉर्डिंग मिळवलं. त्यात पलीकडची बाई भरधाव हिंदीत ‘दस साल तक प्रीमियम’ म्हणते, मागून हळू आवाज येतो, ‘हो म्हणा काका’, आणि आप्पा म्हणतात, ‘हां जी.’ त्याच्या मागे माझाच आवाज: ‘आप्पा, केळीची पानं पुसून झाली का?’ किती वेळा ऐकलं असेल. दहा पावलांवर होते मी.

धाकटा भाऊ सुनावतो, ‘ताई, तू तिथेच होतीस.’ होते ना! आणि तूही संध्याकाळी त्याच पंगतीत त्या पोराच्या शेजारी बसून पुरणपोळी खाल्लीस. मी शाळेत असल्यापासूनचं खातं आमचं तिथे. त्याच्या गळ्यात बँकेचं ओळखपत्र होतं. अशा माणसावर संशय कोण घेतो?

पासबुक मात्र बघायला हवं होतं. त्यात विमा कंपनीचं नाव तीन वेळा छापलेलं होतं, आप्पांना वाटलं एफडीचं नवीन नाव असेल. गावी गेलात की आधी पासबुक भरून आणा, देवदर्शन नंतर.

कळलं पुढच्या सप्टेंबरमध्ये. व्याज येईल म्हणून आप्पा वाट बघत होते, आला तो हप्ता बाउन्स झाल्याचा मेसेज. खात्यात तेवढे पैसे नव्हते म्हणून बँकेने दंड लावला, 590 गुणिले तीन, 1,770 रुपये. आधी लुटायचं, मग लुटायला शिल्लक नाही म्हणून दंड!

मग टोलवाटोलवी. बँक म्हणते, पॉलिसी विमा कंपनीची. कंपनी म्हणते, विकली बँकेने, आणि ग्राहक रेकॉर्डिंगमध्ये हो म्हणालाय. अहो, बँक तुमचीच एजंट ना? कमिशन घेताना एक आणि तक्रार आली की दोन वेगळ्या संस्था? शाखाधिकारी म्हणाले, दुसरा हप्ता भरून टाका, नाहीतर काहीच मिळणार नाही. म्हणजे सहा लाख सोडवायला आणखी 6,13,500 द्या, दुसऱ्या हप्त्यावर तेव्हा जीएसटी निम्मा होता म्हणून एवढेच. (तेव्हाच्या त्या पॉलिसीला दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यूच, म्हणजे मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कमच, लागू होत नव्हती.) पोलीस ठाण्यात हवालदारांनी अर्ज वाचायच्या आधीच विचारलं, ‘सही वडिलांचीच ना? मग सिव्हिल मॅटर.’ सही स्क्रीनवर बोटाने घेतलेली, उत्पन्न खोटं लिहिलेलं, ते कुणाचं मॅटर? वरच्या एका कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार केली तर ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला. कशी निकाली, कुणी काढली, एक ओळ नाही. आणि प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न: ‘तुम्ही कोण? ज्यांच्या नावावर पॉलिसी आहे त्यांना घेऊन या.’ गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जिने चढवत नेलं, तेव्हा साहेब जेवायला गेलेले.

आता प्रकरण पुण्याला विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा नकार आला तरच तिथे जाता येतं, आणि नकारानंतर वर्षभराच्या आत. फोनवर ओरडण्यात आमचे महिने गेले. तुम्ही पहिल्या दिवशी मेल टाका. रेकॉर्डिंग आणि अर्जाची प्रत मागा, देत नाहीत तोवर मागत राहा. एफडीच्या पावतीवर व्याजदर आणि मुदत संपण्याची तारीख असते. कागदावर ‘प्रीमियम’ हा शब्द दिसला की सही थांबवा, समोर भाचा असला तरी. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेला तेव्हा 8.2 टक्के व्याज होतं, आप्पांना तिमाहीला साडेबारा हजारांच्या वर मिळाले असते. हे त्या पोराला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

त्याची बदली झाली, बढतीवर. मागच्या आठवड्यात त्याच्या जागी आलेल्या मुलीने आईला फोन केला, ‘काकू, तुमची एफडी मार्चमध्ये संपतेय ना?’ आईने फोन माझ्याकडे दिला. ती एफडी मोडून पोस्टात न्यायचा अर्ज मी भरून ठेवलाय, शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडणार नाही.