उंदराच्या इकोसाठी 40 मेगाहर्ट्झचा प्रोब घ्यावा, की आहे त्या 15 वरच भागवावं?

माइसच्या, म्हणजे छोट्या उंदरांच्या, हृदयाची इमेज धूसर येते म्हणून नव्या प्रोबसाठी (छातीवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांडीसाठी) प्रस्ताव लिहायला घेतला असेल, तर आधी उंदराची छाती उजेडात धरून बघा. केसांचे खुंट उरलेत ना? केसांत हवा अडकते, आणि हवेपुढे 15 काय नि 40 काय, दोन्ही प्रोब आंधळेच. नुसत्या ट्रिमरने काम पटकन होतं, पण खुंट राहतात. केस काढायच्या क्रीमने छाती तुळतुळीत होते. मात्र एखाद्या मिनिटात पुसून कोमट पाण्याने धुतलं नाही, तर कातडी भाजते आणि पुढच्या आठवड्याचं स्कॅनिंग लटकतं. मी आधी ट्रिमर, मग अगदी थोडं क्रीम वापरते. न्यूड, म्हणजे बिनकेसांचे, माइस असतील तर ही कटकटच नाही.

जेलचंही तसंच. बाटली जोरात हलवली की बुडबुडे आलेच. सिरिंजमध्ये भरून सेंट्रिफ्यूजला एक फेरी द्या आणि 37 अंशांना गरम ठेवा. पंचवीस ग्रॅमच्या जिवावर थंड जेलचा गोळा ठेवला की ठोके मंदावतात, मग आपण औषधाचा परिणाम मोजतोय की जेलचा?

भुलीत माझा कौल सरळ आयसोफ्लुरेनला, म्हणजे हुंगवायच्या भुलीला. केटामाइन-झायलाझिनचं इंजेक्शन स्वस्त, व्हेपोरायझरही (भुलीची वाफ मोजून सोडणारं यंत्र) लागत नाही. पण ठोके फार उतरतात. आयसोफ्लुरेन 1 ते 1.5 टक्क्यांवर ठेवून मिनिटाला 400–500 ठोके राखता येतात. जास्त झालं तर उंदीर आचके देतो आणि इमेज उड्या मारते.

एवढं करूनही काही उणिवा प्रोबच्याच असतात. ऊतीत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर, म्हणजे 15 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 0.1 मिलिमीटर आणि 40 ला 0.04; लहर जितकी छोटी, तितकं बारीक दिसतं. माइसच्या डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत जेमतेम 0.8 मिलिमीटर. तिथे 0.1 इकडेतिकडे झालं की बारा टक्क्यांची चूक! शिवाय 450 ठोके म्हणजे सेकंदाला साडेसात. मशीन 30 फ्रेमचं असेल तर एका ठोक्याला चारच चित्रं मिळतात. एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेगाने टिपणारी पद्धत) थोडी लाज राखतो, इतकंच.

चाळीसची किंमत मात्र लहर किती खोलवर पोचते त्यात मोजावी लागते. ऊतीत सेंटिमीटरभर जाऊन परत येताना 15 ची लहर ढोबळमानाने 15 डेसिबल गमावते, 40 ची 40. म्हणून रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, हृदयाला 15–20 च बरा. माइसच्या भिंतीची जाडी हाच तुमचा मुख्य आकडा असेल तर 40 मागा. नुसता गर्भ आहे का, गाठ वाढली का एवढंच बघायचं असेल तर पैसे वाचवा.

असा प्रोब बहुधा त्याच कंपनीच्या मशीनवर चालतो, तेव्हा कोटेशन पूर्ण संचाचं घ्या. आणि डेमोला तुमचाच उंदीर द्या, हाय-फॅट डाएटवरचा, पिंजऱ्यातला सगळ्यात लठ्ठ.