आजी-आजोबांसकट स्वित्झर्लंड, टूरवाल्यांना ३ स्टार

आम्ही आठ जण, बाबा पंचाहत्तरचे, धाकटी चारची. इंटरलाकेनचं हॉटेल एक नंबर, बाल्कनीतून समोर युंगफ्राउ शिखर, आई चहा घेऊन तिथेच बसायची. पण पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी ५७० मीटर उंचीवरून थेट ३४५४ मीटरवर युंगफ्राउयोखला (डोंगरावरचं बर्फातलं रेल्वे स्टेशन) नेलं, बाबांना गरगरायला लागलं, मग बाकीचे बर्फात आणि आम्ही दोघं आत बाकावर भाकरवडी खात (तीपण घरचीच). आधी थुन तलावातली बोट ठेवायची ना, तर म्हणे पॅकेज फिक्स असतं! एवढे पैसे मोजून फिक्स कसलं? फॅमिली कार्ड मात्र आठवणीने काढलेलं, आईवडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास (तिथल्या ट्रेन-बसचा पर्यटक पास) असला की १६ च्या आतल्या मुलांना ट्रेन फुकट, तिथे बरेच वाचले.