गावच्या कामाला निधी कुठून घ्यावा: कम्युनिटी फाउंडेशन, सीएसआर की खासदार निधी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या मराठी गावांत वाचनालयाची खोली, अभ्यासिका किंवा तळ्यातील गाळ काढण्याचे काम निघाले की पंचमंडळी आधी लोकप्रतिनिधींना भेटतात, मग एखाद्या कारखान्याकडे अर्ज करतात आणि काहीच जमले नाही तर वर्गणी काढतात. हा क्रम सवयीने पडला आहे. माझ्या मते कामाला तिसऱ्या वर्षी किती पैसा लागणार, हे आधी पाहून निधीचा मार्ग निवडावा.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो आणि ही योजना १९९३ पासून चालू आहे. हा पैसा मंडळाच्या खात्यात येत नाही. खासदार कामाची शिफारस करतात आणि जिल्हा प्रशासन ते काम सरकारी यंत्रणेकडून करून घेते. त्यामुळे भिंती, छप्पर, गटार अशा पक्क्या कामांना तो उत्तम, परंतु ग्रंथपालाचे मानधन, वीजबिल यांसारख्या चालू खर्चाला किंवा देवळाच्या कामाला तो मिळत नाही. येथे खरी अडचण जागेची असते. कित्येक वाचनालये देवस्थानच्या किंवा कोणा दिवंगत ग्रामस्थाच्या नावावरील जागेत उभी आहेत. ई-स्वत्तु या कर्नाटकच्या ग्रामपंचायत मालमत्ता नोंदीच्या प्रणालीतून फॉर्म ९ आणि ११ हे उतारे काढायला गेल्यावर ते उघड होते आणि वारसांच्या सह्या गोळा होईपर्यंत प्रस्ताव पडून राहतो. म्हणून शिफारसपत्रासाठी धावपळ करण्याआधी पंचायतीत जाऊन जागा कोणाच्या नावावर आहे, ते पाहून घ्यावे.

सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीची, रक्कम मोठी असू शकते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. आपल्या भागात एक गोष्ट हमखास नजरेआड होते: सहकारी साखर कारखाना कंपनी नसल्याने हे कलम त्याला लागूच होत नाही. तेथे अर्ज करायला हरकत नाही, पण मिळेल ती संचालक मंडळाची मदत असेल, कायद्याने देणे असलेली रक्कम नव्हे. शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. त्यामुळे औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांची बाजू भक्कम होते आणि कणकुंबी-जांबोटीकडील जंगलपट्टा मागे पडतो. अर्जदार संस्थेकडे आयकर सवलतीसाठीची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआर निधी घेण्यासाठी सरकारकडे नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव असावा लागतो. नव्या तरुण मंडळाला हे झेपत नाही. जुन्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

कम्युनिटी फाउंडेशनची कल्पना वेगळी आहे. एका प्रदेशातील अनेक दात्यांचा पैसा एकत्र ठेवायचा, बहुधा त्याच्या उत्पन्नातून त्याच प्रदेशातील कामांना अनुदान द्यायचे आणि निर्णय स्थानिक मंडळींनी घ्यायचा, या पद्धतीची पहिली संस्था १९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे स्थापन झाली. आपल्याकडे तिचे शुद्ध रूप विरळच. हुबळीचे देशपांडे फाउंडेशन आणि १९८२ पासूनचा धर्मस्थळचा ग्रामविकास प्रकल्प या मोठ्या संस्था एका कुटुंबाच्या किंवा तीर्थक्षेत्राच्या पाठबळावर उभ्या आहेत. तरीही अशा स्थानिक अनुदानाचे मोल मला सर्वाधिक वाटते, कारण पुस्तके, शिकवणीच्या ताईंचे मानधन, तळ्यावरच्या देखरेखीचा खर्च अशा लहान पण दरवर्षी लागणाऱ्या गरजा येथे ऐकून घेतल्या जाण्याची शक्यता जास्त असते. रक्कम लहान असली तरी हिशेब काटेकोर द्यावा लागतो. फाउंडेशनचा निधी परदेशी देणगीतून आलेला असेल, तर परदेशी देणगी नियमन कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

तिन्ही ठिकाणी ठराव, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण लागतेच. मंडळाचे इतिवृत्त मराठीत असते, तर तालुका आणि जिल्हा कार्यालयांतील कामकाज कन्नडमध्ये चालते. म्हणून महत्त्वाच्या ठरावांचे कन्नड भाषांतर ठराव होताच करून फाइलला लावावे.

वाचनालयापुरते बोलायचे तर खोली खासदार निधीतून बांधून घ्यावी, संगणक आणि कपाटे सीएसआरकडे मागावीत आणि ग्रंथपालाच्या मानधनासाठी स्थानिक फाउंडेशनकडे जावे. मात्र त्या मानधनातील निम्मा वाटा पहिल्या वर्षापासून वर्गणीतून उभा करावा, म्हणजे अनुदान थांबले तरी कुलूप लावण्याची वेळ येणार नाही.